चौकटीबाहेरचं बोलायचं नाही

"दार लावून घ्या," वैशंपायन मॅडम म्हणाल्या, आणि आई भिंतीवर आली.

म्हणजे आधी अंधार झाला. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला होताच. दाराची कडी आतून लागली तशी फटीतली उजेडाची रेघही गेली. प्रोजेक्टरचा पंखा घरघरायला लागला. भिंतीवर एक देऊळ उमटलं, मग हलगी वाजवणारे हात, मग बायकांचा घोळका, आणि घोळक्याच्या मधोमध केस मोकळे सोडून घुमणारी माझी आई.

हणमंत माझ्या पुढच्या बाकावर होता. त्याची मान ताठ झालेली मला मागून दिसली.

मॅडमनी चित्र थांबवलं. आईचा चेहरा भिंतीभर पसरला. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं, कपाळावर मळवट.

"हा अभिनय आहे की अनुभव?" मॅडम म्हणाल्या. "या एका प्रश्नावर आपलं सगळं सत्र आहे. मी अभिनय म्हणणार, बागवान सर अनुभव म्हणणार. म्हणून तर हा पेपर आम्ही दोघं मिळून शिकवतोय."

मॅडम चित्रपट शिकवायच्या आणि बागवान सर धर्म-अभ्यास. सर कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. "मी अजून काहीच म्हटलेलं नाही," ते म्हणाले. "मॅडम माझे संवादही लिहून आल्यात."

वर्ग हसला. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारी भारी घुमती." वर्ग पुन्हा हसला. त्या जत्रेत आई पस्तिशीचीही नव्हती.

मला बाहेर जायचं होतं. पण बाहेर जायचं तर कडी काढावी लागणार, उजेड आत येणार, आणि सगळे माझ्याकडे बघणार. मी बसून राहिले.

आमच्या सादरीकरणाच्या स्लाइड मला अजून पाठ आहेत. त्यांच्याच क्रमानं सांगते. वर स्लाइडवरचा मजकूर, खाली स्लाइडवर नसलेला.

चित्रपट आणि धर्म : एका दृश्याचं वाचन
सादरकर्ते : लेंगरे हणमंत, लेंगरे संजीवनी

जोड्या हजेरीच्या क्रमानं लागल्या. आमची आडनावं एक, त्यामुळे नंबर लागोपाठ.

"दोन लेंगरे," मॅडम म्हणाल्या. "एकाच घरातले का?"

"एकाच गावचे, मॅडम," हणमंत म्हणाला. मी तोंड उघडायच्या आधी. तो माझा सख्खा चुलत भाऊ. आमची चूल एक, अंगण एक, कॉलेजला येणारी एसटी एक.

"मग देवीचं दृश्य तुम्हीच घ्या. तिकडचंच आहे ते."

मॅडमचा एक नियम होता आणि त्यावरून त्या कोणालाही मध्येच थांबवायच्या. दृश्याचे शॉट पाडायचे, एकेक शॉट भिंतीवर थांबवायचा, आणि त्यात जेवढं दिसतंय तेवढंच बोलायचं. ती बाई कोण, पुढे तिचं काय झालं, तुम्हाला काय ठाऊक आहे, ते घरी ठेवायचं. चौकटीबाहेरचं बोलायचं नाही. आता मीही वर्गात शिकवते आणि पहिल्या तासाला हाच नियम सांगते. तेव्हा तो ऐकून मला बरं वाटलं होतं. या नियमाच्या आड मी लपेन, असं वाटलं होतं.

पार्श्वभूमी : पश्चिम महाराष्ट्रातलं एक गाव, ग्रामदेवीची जत्रा

मी आठवीत होते. अण्णांनी माझं लग्न ठरवत आणलं होतं. अण्णा माझे थोरले चुलते, हणमंतचे वडील. आमच्या घरात अण्णा बोलायचे आणि माझे वडील मान हलवायचे. मुलगा नानीच्या माहेरचा, तिच्या सख्ख्या भावाचा धाकटा. नानी म्हणजे हणमंतची आई. जत्रेत सुपारी फुटायची होती.

त्याच जत्रेला पुण्याहून कॅमेरेवाले आले होते. आईच्या अंगात त्याआधी कधी आलं नव्हतं. त्या दिवशी आलं. ती जे बोलली ते अख्ख्या गावानं ऐकलं.

"ह्या पोरीला हात लावू नगा. ही माझी हाय. शिकंल तंवर शिकंल. मी हो म्हणंन तवाच हिला हळद लागंल."

अण्णा तिच्या पायावर पडले. सुपारी परत गेली.

त्यांच्या लघुपटात हे ऐकू येत नाही. आई बोलायला लागते तिथेच एक जाड पुरुषी आवाज इंग्रजीत सुरू होतो आणि सांगतो की भान हरपलेली ही बाई अर्थहीन शब्द पुटपुटत आहे.

त्या अर्थहीन शब्दांवर मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षापर्यंत आले होते.

तेव्हापासून आई दर मंगळवारी देवळात बसायची. लोक प्रश्न घेऊन यायचे, अंगारा घेऊन जायचे. हणमंतला दहावीच्या वर्षी कावीळ झाली, ती काकीच्या, म्हणजे माझ्या आईच्या, अंगाऱ्यानं उतरली अशी त्याची खात्री होती. डॉक्टरांचं औषधही चालू होतं, पण ते तो धरत नसे.

मला स्वतःला काय वाटायचं? मला वाटायचं, देवीनं मला वाचवलं. अकरावीत गेल्यावर पहिल्यांदा आईला विचारलं, तेव्हा खरंच आलं होतं का गं.

"आंगात आल्यावर माणसाला काय आठवतंय व्हय," आई म्हणाली. "चूल बघ, विझंल."

आणि बी.ए.च्या त्या शेवटच्या वर्षी अण्णांनी नवं स्थळ आणलं. मुलगा साखर कारखान्यावर चिटबॉय, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या वाटणारा. "किती वरसं तेच तेच चाललंय," अण्णा ओसरीवरून, आई ऐकेल अशा बेतानं नानीला सांगायचे. थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नसे. "धाकटीला म्हणावं, देवीला परत विचार. देवी काय कालेजात जाती का बघायला, शिकणं झालं का न्हाई ते?"

देवीच्या शब्दावरचा त्यांचा विश्वास पातळ होत चालला होता. त्याला एक धक्का पुरला असता.

शॉट १ : देऊळ, दुरून. शॉट २ : हलगी, जवळून.

कॉलेजच्या लॅबमध्ये जुने चौकोनी मॉनिटर होते. त्यावर चित्राच्या दोन्ही कडा कापल्या जायच्या. आम्ही दोघं त्यावर झुकून शॉट पाडत बसायचो. हणमंत बटण दाबायचा, मी लिहायचे.

"तू अभिनय म्हणायचं न्हाई," तो म्हणाला.

"दिसतं तेवढंच बोलायचं आहे, हणम्या."

"मग दिसतंय काय? देवी दिसती."

"देवी कॅमेऱ्यात येत नाही."

"तुला दिसत न्हाई म्हण. इंग्रजी कळाय लागल्यापासनं तुला बरंच दिसंना झालंय."

मी वहीत पुढच्या शॉटचा आकडा लिहिला. तो बटणावरचं बोट न उचलता म्हणाला, "हे बघ संजे, मी तुला भ्या घालत न्हाई. पण तू त्या भिंतीपुढं हुभी ऱ्हाऊन काकीला नाटकी म्हणालीस, तर मी आण्णांना सांगणार. लपवणार न्हाई. मी तिचा अंगारा लावलाय."

"सांगितलंस तर काय होईल माहीत आहे तुला?"

"माझं लगीन हाय का तुझं? तुझं. म्हणूनच आधी सांगतोय."

त्याचा आवाज वाईट नव्हता. तेच जड जात होतं. तो दुष्ट असता तर मला बरं पडलं असतं.

(ही स्लाइड काढून टाकली.)

तिच्यावर लिहिलं होतं : स्त्री एका क्षणी कॅमेऱ्याकडे बघते.

ते मॅडमना हवं होतं. कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाल्या, "ती एकदा सरळ कॅमेऱ्याकडे बघते, पाहिलंस ना? तेवढं पकड. तिला माहितीये की आपण दिसतोय. अभिनयाचा याहून चांगला पुरावा नाही. नीट लिहिलंस तर पुण्याच्या चर्चासत्राला पाठवते. एम.ए.ला मी स्वतः शिफारस देईन."

एम.ए. म्हणजे आणखी दोन वर्षं. ती मिळवायची तर आई नाटक करत होती असं म्हणायचं. आणि तसं म्हटलं की हणमंत घरी सांगणार, आणि येत्या उन्हाळ्यात हळद.

बागवान सर ग्रंथालयाच्या पायरीवर भेटले. "मॅडमचं ऐकून लिहू नकोस बाळ, माझंही ऐकून नको," ते म्हणाले. "फक्त त्या बाईची थट्टा होऊ देऊ नकोस. तिला विचारायला कोणी गेलेलं नाही."

मी हातातली पुस्तकं छातीशी धरून उभी होते. सर, मी तिलाच रोज विचारते, सकाळी डबा भरताना, आणि ती सांगत नाही. हे मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणाले, "हो सर."

शॉट ३ : स्त्री बसलेली. अंबाडा बांधलेला.
शॉट ४ : स्त्री घुमते. केस मोकळे.

दार लावलं गेलं. कडी बसल्याचा आवाज झाला. हणमंत लॅपटॉपपाशी, मी भिंतीजवळ. आईचा चेहरा माझ्यापेक्षा मोठा. प्रोजेक्टरच्या झोतात मी सरकले की तिच्या गालावर माझी सावली पडायची, म्हणून मी भिंतीला चिकटून उभी राहिले.

मी ठरवलं होतं, कॅमेऱ्याची उंची, उजेडाची दिशा, हलगीची लय, एवढ्यावरच वेळ काढायचा. तसा निघतही होता. हणमंतही खाली मान घालून स्लाइड पुढे ढकलत होता.

"थांब," मॅडम म्हणाल्या. "तिसऱ्यात केस बांधलेले, चौथ्यात मोकळे. मध्ये काय झालं?"

"अंगात आलं की सुटतात, मॅडम," मागून एक मुलगी म्हणाली.

"आपोआप? संजीवनी, नेमका तोच क्षण वगळलायस तू."

"तो फार लहान आहे, मॅडम. लॅबमध्ये दिसला नाही."

"इथे दिसेल. हणमंत, मागे घे. एकेक चौकट पुढे."

लॅबमध्ये कापल्या जाणाऱ्या कडा भिंतीवर पूर्ण होत्या. हणमंत कळ दाबत गेला. आई बसलेली. आई बसलेली. आई मान वळवते. मॅडम ज्याला कॅमेऱ्याकडे बघणं म्हणत होत्या ते कॅमेऱ्याकडे नव्हतंच, कॅमेऱ्याच्या जरा उजवीकडे होतं.

मग उजव्या कडेनं एक हात आत आला.

हिरव्या बांगड्या. मनगटावर गोंदलेली तुळस. करंगळी अर्धी. हात आईच्या अंबाड्यापाशी गेला, बोटांनी आकडा उपसला. पुढच्या चौकटीत केस पाठीवर पसरले. त्याच्या पुढच्या चौकटीत तो हात आईच्या पाठीवर उघडा टेकलेला, लेकराला थोपटतात तसा. मग हात कडेबाहेर. आणि त्यानंतर, त्या हाताच्या नंतर, आईनं मान वर घेतली आणि घुमायला सुरुवात केली.

नानीची करंगळी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली तेव्हा हणमंत पाळण्यात होता. त्यानं ती अखंड कधी पाहिलेली नव्हती.

"वा," मॅडम म्हणाल्या. त्या खुर्चीवरून उठून भिंतीजवळ आल्या. हात त्यांच्या खांद्यापेक्षा वर, मोठा थोरला. "हे बघा. इतक्या वर्षांत माझ्याही लक्षात आलं नाही. दिग्दर्शकाच्या माणसांनी केस सोडले. चित्र चांगलं यावं म्हणून. हे सगळं घडवून आणलेलं आहे."

"मॅडम, दिग्दर्शकाची माणसं हिरव्या बांगड्या घालत नाहीत," बागवान सर म्हणाले.

वर्ग हसला.

"मग कोण आहे?"

"काही ठिकाणी केस सोडायचा मान एखाद्या बाईकडे असतो. विधीचाच भाग असेल."

"असेल?"

"असेल. गावात जाऊन विचारायला हवं."

"गाव इथेच बसलंय की," मॅडम म्हणाल्या. "हणमंत, तुमच्याकडे असा मान असतो? हा हात कोणाचा असेल?"

हणमंतच्या चेहऱ्यावर लॅपटॉपचा निळा उजेड होता. तो भिंतीकडे बघत नव्हता, कळफलकाकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघत होते. एक शब्द बोलला असता तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. ती माझी आई, हा त्याच्या आईचा हात, देवी त्या दोघींच्या मध्ये कुठेच नाही. मग अण्णा. मग चिटबॉय. मी दाराकडे पाहिलं. आमच्या वर्गाच्या दाराची कडी वरच्या बाजूला होती, उंच.

"बोल की," मॅडम म्हणाल्या. "तुमचाच भाग आहे."

"हात कोणाचा ते चौकटीत दिसत नाही, मॅडम," हणमंत म्हणाला.

"अरे पण अंदाज—"

"चौकटीबाहेरचं बोलायचं नाही."

वर्गानं टाळ्याच वाजवल्या. मॅडमनाही हसू आलं. "माझाच नियम माझ्यावर," त्या म्हणाल्या आणि खुर्चीकडे वळल्या. हणमंतनं कळ दाबली. हात भिंतीवरून गेला.

निष्कर्ष :

या स्लाइडवर एवढंच होतं. पुढचा शब्द आम्हाला ठरवता आला नव्हता.

"मग? अभिनय की अनुभव?" मॅडमनी मला विचारलं.

"मॅडम, त्या चौकटीत दोन बायका आहेत," मी म्हणाले. "प्रश्न एकीबद्दलच विचारलाय."

"हे उत्तर नाही."

"नाही, मॅडम."

मॅडमनी मला साधेच गुण दिले. पुण्याच्या चर्चासत्राचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. बागवान सर दार उघडून बाजूला उभे राहिले, सगळी मुलं बाहेर जाईपर्यंत.

प्रश्न?

एसटीत हणमंत माझ्या शेजारी बसला. एरवी तो मागे मित्रांत बसायचा. निम्मी वाट तो खिडकीबाहेर बघत होता.

"आण्णांच्या आधी आई पाया पडली हुती," तो म्हणाला. "मी तिच्या बाजूलाच हुभा हुतो. ती पडली म्हणून आण्णा पडले."

"हो."

"आन् पोरगं तर तिच्याच भावाचं."

मी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"मामाची थोरली सून तुला आठवती?"

"स्टोव्हवर भाजली ती."

"स्टो भडकला म्हणून सांगितलं सगळ्यांनी. आई माहेराला गेली हुती तवा. परत आली ती कितीतरी दिवस बोललीच न्हाई. मला वाटलं, दुःखानं." तो थांबला. कंडक्टर तिकिटं फाडत पुढे गेला. "त्याच वर्षीची जत्रा न्हवं का ती?"

"त्याच वर्षीची."

घरी पोचलो तेव्हा अण्णा जेवायला बसत होते. नानी भाकरी थापत होती, आई चुलीत काटक्या सारत होती. आम्ही हातपाय धुऊन पानावर बसलो.

"येत्या ऐतवारी कारखान्यावालं येत्यात," अण्णा नानीला म्हणाले. "धाकटीला सांग, मंगळवारपातुर काय ते विचारून घे म्हणावं. ह्या वक्ताला मी थांबणार न्हाई."

आईनं काटकी पुढे सारली. नानी थापत राहिली.

"विचारायचं काय त्यात, आण्णा?" हणमंत म्हणाला. "आज कालेजात देवी दावली आमाला."

"कसली देवी?"

"पुण्यावाल्यांनी जत्रेत काढली ती फिलीम. भिंतीवर, ही एवढी. दोन प्राध्यापक, सगळा वर्ग. मुसलमान मास्तर सुदिक हात जोडून बसलं हुतं."

बागवान सरांनी हात जोडले नव्हते. मी पानात बघत होते.

"आन् काकीचा आवाज?" अण्णांनी घास खाली ठेवला.

"सगळा हाय. शब्दन् शब्द. शिकंल तंवर शिकंल. मॅडम म्हणाल्या, आता हिनं एम.ए. करायचं, मी सवता चिठ्ठी देते. सगळ्या वर्गादेखत म्हणाल्या."

त्या फितीत आईचा आवाज नाही, हे त्या घरात आम्हा दोघांनाच माहीत होतं. नानीचे हात भाकरीवर थांबले. तिनं हणमंतकडे पाहिलं. तो आमटीत भाकरी कुस्करत होता, मान खाली.

"सगळ्या कालेजनं ऐकलं?" अण्णा म्हणाले.

"समद्यांनी."

अण्णा बराच वेळ चावत राहिले. "मग येऊ नगा म्हणून सांगाय पाहिजे त्यास्नी," ते शेवटी म्हणाले, कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. आईनं ती उलटली आणि हणमंतच्या ताटात दुसरी वाढली, चांगली.

पुढच्या मंगळवारी संध्याकाळी देवळात नेहमीसारखी रांग होती. हणमंत दर मंगळवारी काहीतरी विचारायचा. नोकरीचं, म्हशीचं, गुडघ्याचं. लोक हसायचे, ह्याचे प्रश्न संपतच नाहीत म्हणायचे. त्याचा नंबर आला. तो वाकला. आईनं त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि घुमतच म्हणाली, "विचार, लेकरा."

तो उठला. आईकडे न बघता बाजूला झाला आणि मागच्या म्हाताऱ्याला जागा करून दिली.

तो पुढेही दर मंगळवारी जात राहिला, माझं एम.ए. होईपर्यंत आणि त्यानंतरही. रांगेत उभा राहायचा, वाकायचा, अंगारा लावून घ्यायचा. त्यानं देवीला पुन्हा काही विचारलं नाही.